नाक वर केलेली पिकअप

गेल्या महिन्यात सर्जापूर रोडला सिग्नलवर माझ्या स्कूटरशेजारी एक पिकअप येऊन उभी राहिली आणि मी अक्षरशः दचकलो. तिच्या पुढच्या चाकाचा वरचा काठ माझ्या कोपराच्याही वर होता. पिकअप म्हणजे माल वाहायची गाडी, म्हणून सवयीनं मागं काय भरलंय ते बघायला मान वर केली, तर हौद्याला झाकण आणि झाकणाला कुलूप. खिडकीतून एक पांढरं लोकरी कुत्रं माझ्याकडं बघत होतं. अहो, कुत्र्याला फिरवायला पिकअप! मी छत्तीस वर्षं या गाड्यांचे हौदे बांधले, पण हे बघून आजही मला धक्का बसायचा तो बसतोच.

आमचं गाव निपाणीकडचं. सातवीपर्यंत मराठी शाळा, मग मामाच्या ओळखीनं बेंगळूर. के. आर. पुरमला रेल्वे लाइनच्या अंगाला आमची शेड आहे. इथं मला सगळे दत्ताण्णा म्हणतात. मी, माझी बायको मंगल आणि वेल्डिंग करणारा नागराज, एवढीच आमची कायमची माणसं. आपल्या इथल्या मराठी मंडळींनी दिवाळी अंकासाठी 'धंद्यातलं काहीतरी लिहा' म्हटलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो होतो. लिहायचं म्हटलं की एकच गोष्ट आठवते, आणि ती लिहायला हात धजत नव्हता. पण आता लिहितो.

आधी धंदा काय तो सांगतो, कारण आमच्या पुण्या-नागपूरच्या नव्या मंडळींना वाटतं गाडी कंपनीतून तयारच येते. पूर्वी तसं नव्हतं. कंपनी द्यायची पुढची केबिन आणि मागं उघडी चासी, म्हणजे नुसता सांगाडा. त्यावर हौदा बांधायचा आम्ही. तळाला फळ्या, नंतरनंतर फळ्यांऐवजी खरबरीत लोखंडी पत्रा, तिन्ही बाजूंना उघडणारे फाळके, त्यांना कड्या-साखळ्या, आणि वर ताडपत्री. ताडपत्री मंगलची. मोठ्या मशीनवर जाड कापड शिवायचं म्हणजे खायचं काम नाही, पायाखालचा पेडल दाबून दाबून पोटऱ्या भरून येतात. पण तिची शिलाई पाहून गिऱ्हाईक हौद्याआधी ताडपत्रीचं कौतुक करायचं आणि मला राग यायचा.

हौद्याची उंची किती ठेवायची याला आमच्याकडं पुस्तक नव्हतं. गिऱ्हाइकाला सांगायचं, माल चढवणारा हमाल घेऊन ये. त्याला गाडीशेजारी उभा करायचा. हौद्याचा तळ त्याच्या कमरेला आला पाहिजे. कमरेच्या वर गेला की पोतं आधी छातीला लावावं लागतं, मग ढकलावं लागतं, आणि संध्याकाळी त्या माणसाची पाठ कामातून जाते. फुलांचा एक व्यापारी होता, तो हमालाऐवजी स्वतःच्या आईलाच घेऊन आला. म्हणाला, शेवंतीच्या करंड्या हीच चढवते. म्हातारी माझ्या खांद्याएवढी. तिच्या कमरेचं माप घेऊन मी तळ खाली घेतला तेव्हा नागराज मला वेडा म्हणाला. पण ती गाडी बारा वर्षं फुलं वाहत होती आणि म्हातारी शेवटपर्यंत करंड्या चढवत होती. अशा गाड्यांचा मला गर्व आहे, खोटं कशाला बोलू.

त्या गाड्या दिसायला काही खास नव्हत्या. गोल दिवे, आखूड आणि पुढं उतरतं नाक, बाजूला साधा पत्रा. कुणी त्यांचे फोटो काढत नव्हतं. मग नाक हळूहळू लांब झालं. दिवे बारीक झाले, तिरपे झाले. पुढची जाळी एवढी वाढली की गाडी तोंड वासून अंगावर येतेय असं वाटायला लागलं. चार दारं आली, आत मऊ सीटा आल्या, आणि तेवढ्यासाठी हौदा कापून आखूड केला. माल वाहायच्या गाडीतली मालाचीच जागा कमी! मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी टेप घेऊन दोनदा मोजलं. मला वाटलं माझीच काहीतरी चूक होतेय.

आणि गिऱ्हाईक बदललं. महादेवपुऱ्याकडून, सर्जापूर रोडकडून आयटीतली पोरं यायला लागली. एकानं नवी कोरी गाडी आणली, टपावर लोखंडी कॅरिअर बसवून घेतला, खुशीत घरी गेला आणि अर्ध्या तासात फोन. "अण्णा, बेसमेंटमध्ये शिरतच नाहीये!" अपार्टमेंटच्या पार्किंगला वरून हवेचा पत्र्याचा पाइप गेलेला, त्यात कॅरिअर अडकला. पुढं जाईना, मागं येईना. मागं सोळा गाड्यांची रांग आणि सगळे हॉर्न वाजवतायत. शेवटी नागराजनं चाकांची हवा सोडून गाडी बाहेर काढली. त्या गृहस्थानं पुन्हा हवा भरली आणि कॅरिअर तसाच ठेवून गाडी रस्त्यावर लावायला लागला. मी कपाळाला हात लावला.

तर असाच समीर आला. मूळचा पुण्याचा, तिशीतला, सर्जापूर रोडला राहणारा. वागायला फार चांगला पोरगा. आल्या आल्या मंगलच्या पाया पडला, चहा घेऊन कप स्वतः विसळून ठेवला. गाडी आधीच केवढी थोरली होती. त्याला ती आणखी वर उचलून पाहिजे होती. स्प्रिंगांखाली ठोकळे घालून चासी वर, मोठी चाकं, बोनेटवर फुगीर उंचवटा आणि पुढं जाड पाइपांचा गार्ड.

"काका, थोडा रोड प्रेझेन्स पाहिजे," तो म्हणाला.

"म्हणजे काय रे बाबा?"

"म्हणजे आरशात दिसली की समोरच्यानं बाजूला व्हायला पाहिजे."

"अँब्युलन्स घे मग," मंगल मशीनवरून म्हणाली. आम्ही सगळे हसलो.

हे काम नियमात बसत नाही, हे मला माहीत होतं. ते कबूल करतो. पण साधे हौदे आता कंपनीच बांधून देते, शेडमध्ये काम कमी झालेलं, आणि खरं सांगायचं तर माझेही हात शिवशिवत होते. एवढ्या मोठ्या गाडीवर मी कधी काम केलं नव्हतं. तीन आठवडे मी आणि नागराज खपलो. गार्ड तर असा वळवला की वेल्डिंगचा सांधा शोधून सापडू नये. पूर्ण झाल्यावर मी तिच्यासमोर उभा राहिलो तेव्हा बोनेट माझ्या छातीच्या वर आलं होतं.

मंगल शेजारी येऊन उभी राहिली. ती माझ्या खांद्याला लागते. तिनं टाचा उंच केल्या, मान ताणली, आणि म्हणाली, "अहो, हे काय धूड करून ठेवलंय? मला आरती ओवाळायला स्टूल आणा आता."

"तुला काय कळतंय त्यातलं," मी म्हणालो. असं मी म्हणालो.

आता आमच्या शेडची एक पद्धत सांगायला पाहिजे. काम संपलं की शेवटी मंगल ड्रायव्हरच्या सीटला नवं कव्हर घालते. ते घातल्यावर आमच्यातलं कुणीही त्या सीटवर बसत नाही. पहिलं बसणं मालकाचं, तेही पूजा झाल्यावर. मला काम शिकवलेल्या उस्तादांनी घालून दिलेली रीत. गिऱ्हाइकाला बरं वाटतं, आपल्यालाही बरं वाटतं. त्यामुळं तोवर तयार झालेली एकही गाडी मी आत बसून पाहिलेली नव्हती. बाहेरून सगळं बघायचो. फाळका नीट लागतो का, रंग सारखा बसलाय का, कडी वाजते का. मालकाला आतून काय दिसतं, हा प्रश्नच कधी माझ्या डोक्यात आला नाही. माझ्या गाड्यांतून सगळं दिसायचंच की!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी इथं आयुधपूजा असते. शेड धुतली, मशीनला, वेल्डिंगच्या सेटला, पान्यांना हळद-कुंकू लावलं, दाराला केळीचे खुंट बांधले. समीरला त्याच दिवशी गाडी पाहिजे होती. सकाळी दहाला तो पांढरा झब्बा घालून आला. गार्डला झेंडूचा हार घातला. मंगलनं खरंच स्टूलवर चढून बोनेटवर स्वस्तिक काढलं. मग पुढच्या दोन्ही चाकांखाली लिंबू ठेवायचं आणि मालकानं गाडी त्यावरून पुढं घ्यायची, हे तुम्हाला माहीतच आहे. आमच्याकडं लिंबं मंगल ठेवते आणि 'चला' मी म्हणतो. ड्रायव्हरच्या दाराशी उभं राहायचं, नाकावरून पलीकडं एक नजर टाकायची. मंगल वाकलेली असली तर तिचा अंबाडा दिसतो. अंबाडा दिसेनासा झाला की ती बाजूला झाली. मग 'चला'. मोजायला गेलो तर हजारभर गाड्या अशाच गेल्या असतील.

नागराज कोहळा घेऊन फाटकाशी गेला, रस्त्यावरची रहदारी थांबवायला. समीर आत बसला. मंगलनं उजव्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि पुढून वळसा घालून डाव्या बाजूला गेली. मी नाकावरून नजर टाकली. अंबाडा दिसला नाही.

मी म्हणालो, "चला."

गाडी हलली. जेमतेम हातभर पुढं गेली असेल. फाटकाशी नागराज मागं वळला आणि असा ओरडला की तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही. "अक्का! अक्का! निल्लिसी! निल्लिसी!" थांबवा, थांबवा म्हणून. समीरनं ब्रेक मारला. मी पुढून धावत गेलो.

डाव्या चाकाखालचं लिंबू घरंगळून आत गेलं होतं. आमच्या शेडचा उतारच तसा आहे, पाणी निघून जायला. मंगल उकिडवी बसून, हात घालून ते बाहेर ओढत होती. मी वळवलेल्या गार्डचा धक्का तिच्या खांद्याला बसला आणि ती आडवी झाली. चाक तिच्या उजव्या पावलावर चढलं होतं. आणि ब्रेक मारल्यामुळं तिथंच थांबलं होतं. ती ओरडतसुद्धा नव्हती. नुसती माझ्याकडं बघत होती, डोळे एवढे मोठे.

"मागं घे! अरे मागं घे!" मी बोनेटवर दोन्ही हातांनी बडवत होतो. समीर आतून खिडकीशी वाकून विचारतोय, "काय झालं काका? लिंबू फुटलं ना?" त्याला खरंच काही दिसत नव्हतं. चाकाखाली जे आलं ते लिंबूच असं वाटलं होतं त्याला. देवा रे!

नागराजनं तिला उचललं. त्याच गाडीतून आम्ही दवाखान्यात गेलो, हारासकट. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेचा फोटो बघून सांगितलं, पाऊल राहील की काढावं लागेल ते तीन दिवसांनी कळेल. रक्त खाली उतरतंय का ते बघायचं. तीन दिवस मी फक्त तिच्या अंगठ्याचा रंग बघत बसलो. दुसरं काही सुचत नव्हतं, खाणं नाही, झोप नाही. ती मात्र शुद्धीवर आल्या आल्या म्हणाली, "त्या पोराला कुणी मारलं-बिरलं नाही न्हवं?"

कुणी मारलं नाही. पण निपाणीहून तिचा भाऊ आला आणि समीरला दवाखान्याच्या पायरीवर नको नको ते बोलला. डोळे काय कपाळात होते का, गाडी चालवता येत नाही तर कशाला घेतोस, माझी बहीण मेली असती तर. समीर मान खाली घालून उभा होता. म्हणाला, "चूक माझीच आहे मामा." पोलिसांनी विचारलं तेव्हाही तेच म्हणाला. मी 'चला' म्हणालो होतो, हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही. आणि मी तिथंच दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. माझं तोंड उघडलं नाही. अख्ख्या आयुष्यात मी एवढा भित्रा कधी झालो नव्हतो.

पाऊल वाचलं. दोन बोटं काढावी लागली, आत स्टीलची पट्टी बसवली, आणि घोटा आता वळत नाही. तो उजवा पाय. पेडलचा पाय. चार महिन्यांनी तिनं मशीनवर बसून बघितलं, दोन टाके घातले आणि पेडलवरून पाय आपोआप घसरला. तिनं मशीनवर कापड टाकून झाकून ठेवलं. ती एकदा जोरात बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्याच सुमारास समीर गाडी घेऊन आला. आपणहून. मधल्या काळात त्यानं ती चालवलीच नव्हती, टोइंगवर घालून आणली. चेहरा पार उतरलेला.

"काका, सगळं उतरवा. गार्ड, ठोकळे, चाकं, सगळं. नाहीतर मी विकून टाकतो."

"विकू नको," मी म्हणालो. "दुसऱ्याच्या दारात जाऊन उभी राहील."

काम सुरू करायच्या आधी मी दार उघडलं आणि पायरीवर पाय ठेवला. नागराज बघतच राहिला. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. समोर बोनेट, बोनेटपलीकडं फाटक, फाटकापलीकडं रस्ता, रस्त्यापलीकडं चहाचं दुकान. लांबचं सगळं कसं स्वच्छ दिसत होतं. किती ऐटीत बसल्यासारखं वाटत होतं! मी नागराजला ओरडून सांगितलं, "समोर ये आणि अक्का बसली होती तसा बस."

"बसलोय की, दत्ताण्णा," त्याचा आवाज खालून आला.

मला काही दिसलं नाही. "उभा राहा." उभा राहिल्यावर केस दिसले. मग मी त्याला निळं पिंप समोर ठेवायला लावलं, मंगलच्या छातीएवढं. दिसेना. "मागं ने. आणखी. स्वल्प आणखी." पिंप लोळवत लोळवत तो आठ पावलं गेला तेव्हा कुठं मला त्याचा काठ दिसला. आठ पावलं! तेवढ्या जागेत शाळेचा अर्धा वर्ग उभा राहील. हे मी केलं होतं. माझ्या हातानं, सांधा दिसू नये इतकं सफाईनं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि बराच वेळ उतरलोच नाही. समीर येऊन दाराशी उभा राहिला.

आम्ही सगळं उतरवलं. तरी कंपनीनं दिलेलं नाक काही लहान नव्हतं. ते कापता येत नाही. आता कुणी गाडी वर उचलायला आणली तर मी मालकालाच आत बसवतो आणि समोर पिंप ठेवतो. चौघांपैकी एखादा घाबरून परत जातो. बाकीचे म्हणतात, "अण्णा, पुढं कॅमेरा लावू ना," आणि दुसऱ्या शेडमध्ये जातात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा विश्वासच बसला नव्हता. समोर बायको-पोरं दिसत नाहीत हे डोळ्यांनी बघितल्यावर माणूस असं म्हणतो!

पिंप लावून बघितलं त्या संध्याकाळी घरी गेलो तेव्हा मंगल पाय पाटावर ठेवून शेंगा सोलत होती. मी समोर बसलो. म्हटलं, आज सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही.

"मंगल, त्या दिवशी पोराची चूक नव्हती. 'चला' मी म्हणालो होतो."

तिनं शेंग फोडली. "ठाऊक हाय की."

"समीरनं सांगितलं?"

"त्यानं कशाला सांगायला पाहिजे? तुमचा आवाज वळखत न्हाय व्हय मी? ऐकला की."

"ऐकलास? मग उठली का नाहीस? ओरडायचं तरी! गाडी सुटणार हे कळलं होतं ना तुला?"

तिनं शेंगांवरून मान वर केली. रागावलेली नव्हती ती. उलट मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाली, "एवढी वर्षं तुम्ही मला बघूनच चला म्हणताय. तुम्ही म्हणालात म्हटल्यावर मला वाटलं, मी बाजूलाच असणार."